हलक्या कागदासाठी पेन आणि शाई

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचा कागद विद्यार्थी निवडत नाही. ग्रंथालयाची मागणी-चिठ्ठी, शिष्यवृत्तीचा अर्ज, कचेरीतला छापील नमुना यांचा कागदही हाती पडेल तसा स्वीकारावा लागतो. वही तेवढी स्वतः विकत घेता येते, पण ती निवड बहुधा आपला खिसा करतो. खऱ्या अर्थाने आपल्या हाती राहतात त्या दोनच गोष्टी : पेन आणि शाई. नेमक्या याच दोन गोष्टी आपण कागदाचा विचार न करता घेतो. दुकानदार गुळगुळीत पॅड पुढे करतो, आपण त्यावर सही करून पाहतो, पेन लोण्यासारखे चालते आणि आपण खूष होऊन घरी येतो. दुसऱ्या दिवशी वर्गात तेच पेन वहीवर उघडले की अक्षरांना मिशा फुटतात, आणि मग दोष पेनाला दिला जातो.

आज लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती बॉलपेन किंवा जेलपेन असते, हे खरे आहे. तरीही शाईचे पेन वापरणारे विद्यार्थी आणि प्राध्यापक अजून पुष्कळ आहेत. बॉलपेन दाबून चालवावे लागते, शाईचे पेन नुसते टेकले की लिहू लागते. ज्याला सलग तीन तास लिहायचे आहे त्याच्या बोटांना हा फरक सांगावा लागत नाही. प्रस्तुत लेख त्यांच्यासाठी आहे. हलका कागद शाईशी असा का वागतो आणि त्याला धरून पेन व शाई कशी निवडावी, एवढाच त्याचा विषय.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेन कागदावर शाई ओतते अशी आपली समजूत असते. वास्तविक पेन शाई धरून ठेवते, ती बाहेर ओढतो तो कागद. १८८४ साली अमेरिकेत ल्युइस वॉटरमन यांनी ज्या पेनाचे पेटंट घेतले, त्यातली खरी करामत निबेखालच्या पट्टीत होती. या पट्टीला आपण जीभ म्हणू. जिभेत बारीक खाचा असतात. त्यांतून शाई केशाकर्षणाने निबेच्या टोकापर्यंत येते, आणि जेवढी शाई जाते तेवढीच हवा उलट वाटेने टाकीत शिरते. टोकाशी आलेली शाई तिथेच थांबते, कारण निबेची चीर टोकाकडे अरुंद होत जाते आणि शाईला पकडून ठेवते. कागदाच्या तंतूंमधली छिद्रे या चिरेहूनही बारीक असतात. निब कागदाला टेकते तेव्हा या दोन आकर्षणांची रस्सीखेच होते आणि कागद जिंकतो. म्हणून एकच पेन आणि एकच शाई घेतली तरी कागद जितका तहानलेला, तितकी शाई जास्त उतरते.

मग चांगला कागद कमी का पितो? कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंचा लगदा पसरून, दाबून, वाळवून केलेला पातळ थर. नुसता असा थर टीपकागदासारखा वागतो. त्याला लिहिण्याजोगा करण्यासाठी खळ द्यावी लागते. आपल्याकडे हातकागद होत असे तेव्हा त्याला पिठाची खळ लावून, तो वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटत. जुन्नरचा कागद किंवा वेरूळच्या वाटेवरील कागजीपुऱ्याचा कागद या परंपरेतला. गिरणीच्या कागदात खळ लगद्यातच मिसळण्याची युक्ती जर्मनीत मोरिट्झ इलिग यांनी १८०७ साली प्रसिद्ध केली. त्यांनी राळ आणि तुरटी वापरली. पुढे शंभराहून अधिक वर्षे जगभर हीच रीत चालली. अलीकडे तिची जागा अनेक गिरण्यांत वेगळ्या रसायनांनी घेतली आहे. खळ कोणतीही असो, काम एकच : तंतूला पाण्यापासून थोडे अलिप्त करणे. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा राहतो आणि मातीच्या भिंतीवर टाकला तर क्षणात नाहीसा होतो. लिहिण्याचा कागद या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असावा लागतो. तो अगदी अळवासारखा झाला तर शाई धरणारच नाही, आणि भिंतीसारखा झाला तर अक्षर उरणार नाही.

हलक्या वहीचा कागद भिंतीच्या बाजूला झुकलेला असतो. याचे कारण पुष्कळदा गिरणीची लबाडी नसून कागदाचे मूळ प्रयोजन हे असते. छापखान्याची शाई तेलकट आणि दाट असते, तिला खळीची फारशी गरज नसते. वर्तमानपत्राच्या कागदावर शाईचे पेन चालवून पाहावे, म्हणजे हे तत्काळ पटेल. आपल्याकडच्या स्वस्त वह्या बहुधा 'क्रीम वोव्ह' नावाच्या कागदाच्या असतात, त्यावर लिहिताही येते आणि छापताही येते. 'मॅपलिथो'च्या पृष्ठभागावर सहसा खळीचा आणखी एक हात असतो. लेजर कागद तर जमाखर्चाच्या वह्यांसाठी, म्हणजे शाईच्या लेखनासाठीच तयार होत असे. जुन्या पेढीची खतावणी पाहण्यात आली तर त्यातले आकडे कसे काठाकाठाने कोरल्यासारखे उभे आहेत ते जरूर पाहावे.

जाडी आणि चांगुलपणा एकच नव्हेत, हेही इथे सांगून ठेवतो. दुकानात कागदाची प्रत ग्रॅमवर सांगितली जाते, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन. स्वस्त वही साधारण ५५ ते ६० ग्रॅमची, झेरॉक्सचा कागद ७० ते ८० ग्रॅमचा असतो. पण जपानमध्ये 'तोमोए रिव्हर' नावाचा ५२ ग्रॅमचा कागद निघाला आणि शाईच्या पेनवाल्यांत जगभर नावाजला गेला. तो बायबलच्या पानासारखा पातळ असतो, तरी त्यावर शाई फुटत नाही. उलट ८० ग्रॅमचा कागदही खळ कमी पडली तर शाई पितो. वजनावरून कळते ते एवढेच की पलीकडच्या पानावर सावली कितपत दिसेल. उसाच्या चिपाडापासून केलेल्या कागदाला काही लोक नाक मुरडतात, तेही सरसकट बरोबर नाही. १९७९ साली स्थापन झालेल्या तमिळनाडूच्या सरकारी कागद-गिरणीने चिपाडावरच आपला पाया घातला. असा कागद खळ नीट दिलेली असेल तर शाईच्या लेखनाला उत्तम ठरतो. रद्दीपासून पुन्हा केलेल्या कागदाची गोष्ट वेगळी. त्यात तंतू तुटून आखूड झालेले असतात आणि खळ एकसारखी बसत नाही. त्यामुळे एकाच ओळीत एक शब्द स्वच्छ आणि पुढचा फुटलेला, असा प्रकार होतो.

आता दोष नीट वेगळे करू, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत. शाई तंतूंच्या वाटेने आडवी पळते तेव्हा अक्षराला मिशा फुटतात. ती उभी खाली उतरते तेव्हा पाठीमागे ठिपके उमटतात. तिसरा प्रकार सावलीचा, ज्यात शाई उतरलेली नसते, पण कागद पारदर्शक असल्याने मागची अक्षरे पुढे दिसतात. पहिल्या दोहोंवर पेन आणि शाई यांनी पुष्कळ ताबा ठेवता येतो. तिसऱ्यावर मात्र फिकट शाईखेरीज इलाज नाही.

रोमन लिपीतल्या लेखकापेक्षा देवनागरीतल्या लेखकाला हे दोष जास्त भोवतात, असे माझे मत आहे. आपल्या लिपीत कितीतरी अक्षरांचे वेगळेपण एका लहानशा मोकळ्या जागेवर अवलंबून असते. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य यांतला फरक पाहा. शिरोरेषेतली फट आणि एखादी गाठ, एवढीच काय ती निशाणी. शाई पसरली की फट बुजते, गाठ भरून येते आणि 'भार'चा 'मार' होतो. ष मधली तिरपी रेघ बुजली की प उरतो. सर्वांत नाजूक प्रकरण अनुस्वाराचे. मराठीत 'त्याचे' आणि 'त्यांचे' यांत फक्त एका टिंबाचे अंतर आहे, आणि त्या टिंबात एकवचन-अनेकवचन तर आहेच, पण आदर-अनादरही आहे. पाठपोट लिहिलेल्या पानावर मागच्या कान्याचे टोक ठिपक्याच्या रूपाने इकडे उमटते आणि नेमके एखाद्या शिरोरेषेवर बसते. वाचणाऱ्याने ते अनुस्वार समजावे की डाग? परीक्षक वाक्याच्या संदर्भावरून अर्थ लावतो खरा, पण शेकडो उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला प्रत्येक ओळीत असा तर्क करायला लावणे विद्यार्थ्याच्या हिताचे नाही. शिवाय मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत आणली. अशा तपासणीत पान उलटून किंवा उजेडात धरून पाहण्याची सोयच नसते. पडद्यावर मागचा ठिपका आणि पुढचा अनुस्वार सारखेच काळे दिसू शकतात.

ठिपके कान्याच्या टोकालाच का उमटतात, याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. छिद्राळ वस्तूत द्रव किती आत जाईल, याचे गणित १९२१ साली वॉशबर्न यांनी मांडले. वेळ चौपट झाला तर अंतर साधारण दुप्पट होते. द्रव दाट असेल तर ते अंतर कमी, छिद्रे मोठी असतील तर जास्त. आपला हात रेघ ओढताना भराभर पुढे जातो, म्हणून तिथे शाईला वेळ मिळत नाही. कान्याच्या शेवटी, मात्रेच्या वळणावर आणि पूर्णविरामावर तो क्षणभर थांबतो, आणि शाई त्या क्षणाचा फायदा घेते. विचार करताना निब कागदावर टेकवून ठेवण्याची सवय तर हलक्या कागदावर फारच महागात पडते. निब उचलून विचार करावा.

यावरून पेन कसे घ्यावे ते ठरते. निब बारीक हवी, हे पहिले. रेघ जितकी अरुंद, तितकी दर इंचाला शाई कमी आणि पसरायला मोकळी जागा जास्त. निबेवरची इंग्रजी अक्षरे मात्र सर्व देशांत एकाच मापाची नसतात. जपानी 'फाइन' निब युरोपीय 'फाइन'हून सहसा बारीक असते. कांजीसारखी पुष्कळ रेघांची अक्षरे लहान जागेत बसवायची असल्याने तिकडे बारीक निबेची गरज मोठी. ही गरज आपल्या जोडाक्षरांशी मिळतीजुळती आहे. म्हणून पायलट, प्लॅटिनम यांची साधी, पोलादी, बारीक निबेची पेने देवनागरीला सोयीची पडतात. चिनी हीरो पेनाची झाकलेली निब आपल्याकडच्या अनेकांच्या परिचयाची आहे. तीही बारीक लिहिते.

निब बारीक असूनही पेन 'ओले' असू शकते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एबोनाइटची जीभ प्लॅस्टिकच्या जिभेपेक्षा शाई सढळ हाताने देते. ड्रॉपरने थेट पोटात शाई भरण्याच्या पेनांना आणखी एक खोड असते. शाई निम्म्याहून कमी झाली की वरच्या मोकळ्या जागेतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईला पुढे ढकलते, मग टपकन थेंब पडतो. अशी पेने चांगल्या कागदावर राजासारखी चालतात, आणि ज्याला ती आवडतात त्याने ती सोडावीत असे मी म्हणणार नाही. फक्त परीक्षेला नेताना ती पूर्ण भरून न्यावीत. लवचीक निब मात्र घरीच ठेवावी. दाबली की तिची चीर उघडते, आणि हलक्या कागदाला तेवढेच निमित्त पुरते. सोन्याच्या निबेचाही या कामी काही विशेष उपयोग नाही. ताठ पोलादी निब जास्त बरी. अतिबारीक निबेचा एक उपद्रव मात्र सोसावा लागतो. हलक्या कागदाचे सुटे तंतू चिरेत अडकतात आणि रेघ अचानक जाड, मळकट होते. तंतू हलकेच काढावा आणि पेन धुवावे. निब बिघडली असे समजून ती वाकवू नये.

शाईची निवड पेनाहून अधिक महत्त्वाची, कारण पेन आहे तेच ठेवूनही ती बदलता येते. इथे जाहिरातींनी आपली एक दिशाभूल केलेली आहे. 'लवकर वाळणारी' हा शाईचा मोठा गुण मानला जातो. पार्कर कंपनीने १९३१ साली आणलेल्या शाईचे 'क्विंक' हे नावच मुळी 'क्विक' आणि 'इंक' या दोन शब्दांच्या जोडणीतून झाले. परंतु शाई वाळते म्हणजे काय होते? थोडे पाणी हवेत उडते आणि बरेचसे कागदात मुरते. जी शाई लवकर वाळावी म्हणून लवकर मुरेल अशी केलेली असते, ती हलक्या कागदावर लवकर पसरणारही. हलका कागद कोणतीही शाई आपणहून झटपट वाळवतो. त्यासाठी वेगळ्या गुणाची गरजच नाही. म्हणून ज्या शायांची चांगल्या कागदावर 'वाळायला फार वेळ लागतो' अशी तक्रार असते, त्या इथे खुशाल वापराव्यात. भडक, गर्द रंगाच्या आणि चमकीच्या नव्या शायांत रंग भरपूर असतो, शिवाय पुष्कळदा शाई सहज वाहावी म्हणून घातलेली द्रव्येही असतात. त्या पत्रलेखनाला ठेवाव्यात.

हलक्या कागदाची जुनी आणि खात्रीची मैत्रीण म्हणजे लोह-टॅनिनची निळी-काळी शाई. हिरड्याच्या पाण्यात हिराकस टाकला की ते काळे पडते, हे आपल्याकडच्या रंगाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. युरोपात हिरड्याच्या जागी मायफळ. ही शाई लिहिताना फिकट निळी दिसते आणि प्राणवायूच्या संयोगाने हळूहळू काळी होते. तंतूंशी ती घट्ट जोडली जाते, पाण्याने सहसा जात नाही, आणि तिचा ओघ मुळातच कोरडा असल्याने मिशा फारच थोड्या फुटतात. मात्र बाटलीवर 'ब्लू-ब्लॅक' असे छापलेले असले म्हणजे आत लोह असतेच असे नाही. आजच्या बऱ्याचशा निळ्या-काळ्या शाया नुसत्या रंजकांच्या आहेत. पेलिकानची ४००१ मालिकेतली निळी-काळी आणि प्लॅटिनमची निळी-काळी या लोहाच्या म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांची ओळखही सोपी आहे. लिहिलेली ओळ तासाभराने पुन्हा पाहावी, रंग गडद झालेला असेल.

या शाईला पथ्य आहे. ती आम्ल असते. पेनात वाळू दिली तर जिभेत साका धरते आणि हलक्या पोलादी निबेला गंजवते. पंधरा दिवसांनी एकदा साध्या पाण्याने पेन धुवावे आणि सुट्टीत ते रिकामे ठेवावे. दुसरी कोणतीही शाई तिच्यात मिसळू नये. आम्ल आणि अल्क शाया एकत्र आल्या की गाळ होण्याचा धोका असतो. ज्यांना एवढी दगदग नको त्यांनी साधी रॉयल ब्लू घ्यावी. तिच्यातही रंग बेताचा असतो, ती हलक्या कागदावर बऱ्यापैकी सभ्य वागते, आणि सौम्य असल्याने पेनालाही त्रास देत नाही. पाणी पडले तर ती धुऊन जाते, हे पावसाळ्यात महाविद्यालयात येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

तिसरा पर्याय काजळीच्या शाईचा, म्हणजे एका अर्थाने आपल्याच जुन्या शाईचा. काजळ आणि डिंक यांची शाई, बोरू आणि घोटलेला कागद यांचे त्रिकूट इथे शतकानुशतके चालले. पेशवे दफ्तरातली मोडी कागदपत्रे आजही काळीभोर दिसतात ती त्यामुळेच. काजळीचे कण पाण्यात विरघळत नाहीत, ते तंतूंच्या वरच अडकून राहतात. समर्थांच्या दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे. कागद, शाई आणि बोरू यांचा एकत्र विचार केल्याशिवाय लेखन साधत नाही, ही जाणीव आपल्याकडे किती जुनी आहे ते त्यावरून कळते. आजच्या पेनांसाठी जपानी कंपन्या अतिसूक्ष्म कणांची काजळीची शाई बनवतात. ती महाग असते आणि पेन रोजच्या वापरात असेल तरच घ्यावी. चित्रकलेच्या दुकानातली जलाभेद्य काळी शाई मात्र चुकूनही पेनात भरू नये. तिच्यात बहुधा लाख असते, आणि लाख एकदा जिभेत वाळली की पेन संपले. शाई दाट व्हावी म्हणून घरी डिंक घालणे हाही त्याच वाटेचा उद्योग. डिंक टाकाला चालतो, पेनाला नाही. पाणी घालून शाई वाढवल्याने मिशाही जात नाहीत आणि अक्षर मात्र फिके पडते.

वही किंवा शाई घेताना करायची परीक्षा दोन मिनिटांची आहे. आपले पेन सोबत न्यावे. दुकानदाराच्या पॅडवर न लिहिता वहीच्या शेवटच्या पानावर ध, घ, भ, म, ष, क्ष ही अक्षरे नेहमीच्या आकारात लिहावीत, एका जागी निब टेकवून मनात तीन अंक मोजावेत, आणि पान उलटून पाहावे. मग तीच अक्षरे त्या पानाच्या पाठीवर लिहावीत. गिरणीत लगदा जाळीवर पसरला जातो. त्यामुळे कागदाची जाळीकडची बाजू आणि वरची बाजू सारखी नसते, आणि एका बाजूला शाई कमी फुटते असे पुष्कळदा आढळते. तसे आढळले तर टिपणे एकाच, बऱ्या बाजूला काढावीत, मागची बाजू पेन्सिलीला ठेवावी.

ही परीक्षा एप्रिलमध्ये उत्तीर्ण झालेली वही जुलैमध्ये नापास होऊ शकते. कागद हवेतला ओलावा घेतो आणि ओलसर तंतू शाईला वाट करून देतात. कोकणात तर चार महिने हा अनुभव रोजचा. तळहाताच्या घामाचा परिणाम आणखी वेगळा. घामाचे पाणी कागद ओला करते आणि त्वचेचा तेलकटपणा जागोजागी शाईला अडवतो, म्हणून पानाच्या खालच्या भागात, जिथे हात बराच वेळ टेकलेला असतो, तिथे शाई कुठे फुटते तर कुठे धरतच नाही. हाताखाली टीपकागद किंवा साध्या कागदाची घडी ठेवून लिहावे, आणि पावसाळ्यात वहीचा गठ्ठा भिंतीला लावून न ठेवता कपाटात, शक्य तर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा.